जुन्या खुर्चीवरचे थर

लाकडी सामान जुने झाले, रंग विटला, कडांचे टवके उडाले, की घरात कोणीतरी म्हणतेच, "रंगाचा एक हात मारून घेऊ." खुर्ची तीच असते, पण हात फिरला की ती नव्यासारखी दिसते. काम स्वस्त असते आणि दोन दिवसांत उरकते. आधीचा रंग पूर्ण खरवडून काढण्याचे कष्ट मात्र सहसा कोणी घेत नाही. सुटलेले पापुद्रे तेवढे काढायचे, खाचांत लांबी भरायची, काचकागद फिरवायचा आणि नवा रंग जुन्यावरच चढवायचा, ही रीत जगभर सारखीच आहे. अशा रीतीने दोनशे वर्षे वापरल्या गेलेल्या खुर्चीच्या पायावर रंगाचे दहा-बारा थर साचू शकतात. झाडाच्या खोडातील वर्तुळे वर्षागणिक पडतात. खुर्चीवरचे थर तसे नियमित नसतात. ते घरातली लग्नकार्ये, घराची ऐपत आणि त्या काळी बाजारात मिळणारे रंग यांच्या तालावर चढतात. नेमक्या याच कारणाने त्यांच्यातून पुष्कळ काही वाचता येते.

थरावर थर चढणे आपल्याला अपरिचित नाही. देवाच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे शेंदराचे लेप चढतात आणि मूळचे दगडी रूप आत झाकले जाते. सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये काढण्यात आला, तेव्हा आतले कोरीव रूप पुन्हा दिसू लागले. शेंदूर म्हणजे मूळचे शिशाचे एक ऑक्साइड. शिशाचे नाव या लेखात पुढे वारंवार येणार आहे, म्हणून ही ओळख येथेच करून ठेवली.

रंगवलेल्या फर्निचरच्या थरांचा बारकाईने अभ्यास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झाला. त्यातली एक लाडकी वस्तू म्हणजे विंडसर खुर्ची. जाड फळी कोरून केलेली खोलगट बैठक, तिला खालून भोके पाडून बसवलेले पाय आणि वरून भोके पाडून बसवलेले पाठीचे बारीक दांडे, अशी तिची बांधणी. ही खुर्ची मूळची इंग्लंडची. १७४० च्या दशकापासून फिलाडेल्फिया शहरात ती तयार होऊ लागली आणि तेथून सगळीकडे गेली. तिचा कारागीर मोठा व्यवहारी होता. बैठक कोरायला मऊ लाकूड हवे, म्हणून तो पाइन किंवा ट्यूलिप पॉप्लर घेई. पाय कातावर घडवायचे, म्हणून ते मेपलचे. पाठीचे दांडे वाकले पाहिजेत पण तुटता कामा नयेत, म्हणून ते हिकरीचे किंवा अॅशचे. एका खुर्चीत तीन जातींची, तीन रंगांची लाकडे आली. ती विसंगती झाकायची तर रंग हवाच. म्हणजे विंडसर खुर्चीवरचा रंग ही नंतर सुचलेली सजावट नव्हती. बांधणीतूनच त्याची गरज निर्माण झाली होती.

सुरुवातीच्या बहुतेक खुर्च्या हिरव्या असत, कारण त्या बागेत आणि ओसरीवर ठेवल्या जात. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये माउंट व्हर्नन येथील आपल्या घराच्या ओसरीसाठी अशा दोन डझन खुर्च्या फिलाडेल्फियाहून मागवल्या होत्या. हा हिरवा रंग जंगालाचा. तांब्याचे पत्रे आणि आंबलेल्या द्राक्षांचा चोथा एकत्र ठेवला, की पत्र्यांवर निळसर हिरवी पुटे चढतात. ती खरवडून जंगाल मिळते. फ्रान्समधील माँपेल्ये गावात हा मोठा धंदा होता आणि तो मुख्यतः बायकांच्या हाती होता. हिरव्या रंगाच्या खालचे अस्तर सफेत्याचे असे. सफेता म्हणजे शिशाचे अल्कधर्मी कार्बोनेट. तोही शिरक्यापासूनच तयार होई. मडक्यात तळाशी शिरका घालायचा, वर शिशाच्या पत्र्याची गुंडाळी ठेवायची, अशी शेकडो मडकी घोड्याच्या लिदीत पुरायची आणि खोली बंद करून दोन-तीन महिने थांबायचे. लीद कुजताना उष्णता देते आणि कार्बन डायऑक्साइडही देते. शिरक्याची वाफ शिशावर आधी ॲसिटेट तयार करते, मग कार्बन डायऑक्साइड त्याचे कार्बोनेट करतो. दार उघडले की काळपट पत्र्याच्या जागी पांढरीशुभ्र खपली दिसे. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ही डच पद्धत आता क्वचितच आढळते. धातू, आम्ल, वायू आणि जीवाणूंची उष्णता असे चौघे एका मडक्यात काम करतात, म्हणून शिक्षकांनी ती एकदा तरी फळ्यावर मांडून पाहावी असे आम्हांला वाटते.

हे रंग जवसाच्या तेलात खलले जात. जुन्या फर्निचरवर सर्रास दुधाचा रंग असे, हा समज आजही लोकप्रिय आहे. दुधातील केसीन आणि चुना यांचा रंग खरोखरच करता येतो. फ्रान्समध्ये कादे द व्हो यांनी १८०१ मध्ये त्याची कृती प्रसिद्धही केली होती. पण अमेरिकेतील जुन्या खुर्च्यांच्या रंगाची रासायनिक तपासणी केली, की बहुतेक वेळा हाती लागते ते जवसाचे तेलच. जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषते आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट पापुद्रा बनतो. हा प्रयोग शाळेत करण्याजोगा आहे. काचपट्टीवर तेलाचा पातळ लेप द्यावा आणि अचूक तराजूवर रोज वजन करावे. वाळण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत वजन कमी न होता वाढते, हे पाहून विद्यार्थी चकित होतात. त्यात वापरलेल्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. याच क्रियेने त्या तापतात आणि पेट घेऊ शकतात. तेल लवकर वाळावे म्हणून त्यात मुरदाडशिंग घालून उकळत. तेही शिशाचेच ऑक्साइड.

आता हे थर वाचायचे कसे? संशोधक खुर्चीच्या सांध्यातून, जेथे हात कमी लागतो आणि काचकागद पोहोचत नाही अशा जागेतून, रंगाचा मिलिमीटरभराचाही नसलेला कण काढतो. तो पारदर्शक रेझिनच्या ठोकळ्यात उभा ओततात, ठोकळा घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. तेथे थरांची उभी चिरफाड दिसते. रंगाच्या एका हाताची वाळलेली जाडी साधारण केसाएवढी किंवा त्याहून कमी. सगळ्यात तळाशी लाकडाचे तंतू, वर अस्तर, त्यावर रंग, कधी वार्निश, मग पुन्हा रंग.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट रंगाची नसतेच. ती असते मळाची. दोन थरांमध्ये काळी बारीक रेघ असेल, तर खालचा थर काही वर्षे उघडा होता, त्यावर चुलीची काजळी आणि हाताचा मळ बसला होता. रेघ नसेल, तर ते दोन्ही हात एकाच वेळी दिलेले. बारा थर म्हणजे बारा वेळा रंगकाम नव्हे, हे या रेघांवरूनच समजते. आधी अस्तर, मग रंगाचे दोन हात, अशी एकेक खेप धरली तर बारा थरांच्या चार खेपाच होतील.

काळ ठरवण्यासाठी रंगद्रव्ये उपयोगी पडतात. येथील तर्क सोपा आहे, पण तो नीट लावला पाहिजे. एखाद्या थरात प्रशियन निळा सापडला, तर तो थर साधारण १७०६ च्या नंतरचा, कारण तो रंग बर्लिनमध्ये त्या सुमारास प्रथम तयार झाला. क्रोमियम हे मूलद्रव्य व्होकलँ यांनी १७९७ मध्ये शोधले. तेव्हा क्रोमियमचा पिवळा रंग असलेला थर एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा असूच शकत नाही. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ नंतरचा. तेलातला जस्ताचा सफेता बाजारात मुबलक झाला तो १८४० च्या दशकात. टायटॅनियमचा सफेता नॉर्वे आणि अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्यापारी प्रमाणावर निघू लागला. अतिनील किरणांखाली हे दोन सफेते अगदी वेगळे दिसतात: जस्ताचा हिरवट पिवळा चमकतो, टायटॅनियमचा काळसर राहतो, आणि मध्येच लाखेचे वार्निश असेल तर ते नारिंगी उजळते. मात्र हा पुरावा एकाच दिशेने चालतो. नवे द्रव्य सापडले तर थर त्यानंतरचा ठरतो. जुने द्रव्य सापडले म्हणून थर जुना ठरत नाही. प्रशियन निळा आजही दुकानात मिळतो. तर्कशास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

समजा, एका खुर्चीवर तळाशी सफेत्याचे अस्तर व जंगाल आहे, मळाच्या रेघेनंतर क्रोम पिवळा आहे, पुन्हा रेघ, मग काळा, आणि सर्वांत वर टायटॅनियमयुक्त पांढरा आहे. ओसरीवरची हिरवी खुर्ची घरात आली, पिवळी झाली, पुढे काळी झाली आणि विसाव्या शतकात कोणीतरी ती पांढरी केली, एवढे तरी सांगता येते. फिलाडेल्फियाचे कारागीर नव्या खुर्च्यांबरोबर जुन्या खुर्च्या दुरुस्त करून रंगवूनही देत. तेव्हा यातला दुसरा थर कदाचित पहिल्याच कारागिराच्या हातचा असेल.

थर डोळ्यांनी पाहून फसगतही झाली आहे. अठराव्या शतकातील अमेरिकन लोकांना मंद, राखी छटांचे रंग आवडत, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले गेले. जुन्या इमारतींचे रंग ठरवताना वरचे थर खरवडून खालचा रंग डोळ्यांनी जुळवला जाई. पण वरच्या थरांखाली अंधारात गाडलेले जवसाचे तेल पिवळे पडते. उजेडात ठेवले तर ते पुन्हा काही अंशी उजळते. जंगाल काळाने तपकिरी होते. प्रशियन निळा सफेत्यात मिसळलेला असेल तर फिका पडतो. म्हणजे लोकांनी मळलेला रंग पाहिला आणि त्याला पूर्वजांची अभिरुची म्हटले. सूक्ष्मदर्शकाने तपासणी सुरू झाल्यावर चित्र पालटले. वॉशिंग्टन यांच्या घरातील लहान भोजनकक्ष जंगालाच्या झगझगीत हिरव्या रंगाचा होता, हे अशा तपासणीतून स्पष्ट झाले आणि तो पुन्हा तसा रंगवण्यात आला. तो हिरवा पाहून अनेकांना धक्का बसला.

आता तळाच्या सफेत्याकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथे आहे. रंगाऱ्यांना तो फार प्रिय होता. तेलाशी त्याची रासायनिक गाठ पडून शिशाचे साबण बनतात, त्यामुळे थर लवचिक राहतो, चटकन वाळतो आणि पाऊस सोसतो. तो विषारी आहे हेही सर्वांना ठाऊक होते. फिलाडेल्फियाचेच नागरिक बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८६ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात शिशाच्या बाधेचे अनुभव नोंदवले आहेत. पॅरिसच्या एका रुग्णालयातील अशा रोग्यांची यादी त्यांनी पाहिली, तेव्हा तीत शिशाशी संबंध येणारे कारागीर भरलेले होते आणि त्यांत रंगारीही होते. उपयुक्त सत्य कळल्यावर ते स्वीकारले जाऊन आचरणात यायला किती काळ लागतो, याची खंत त्यांनी त्या पत्रात व्यक्त केली आहे. पर्यायही होता. पॅरिसमधील रंगकामाचे कंत्राटदार लक्लेर यांनी आपल्या कामगारांची प्रकृती पाहून जस्ताचा सफेता वापरात आणला आणि त्याबद्दल त्यांना १८४९ मध्ये सरकारी सन्मान मिळाला. तरी शिशाचा सफेता चालूच राहिला.

कामगारांचे दुखणे निदान दिसत तरी होते. मुलांचे दुखणे कोठून येते हे शोधून काढले ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या डॉक्टरांनी. १८९० च्या दशकात ब्रिस्बेनमध्ये मुलांना शिशाची बाधा होते हे त्यांच्या लक्षात आले होते. १९०४ मध्ये नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनी तिचे कारण दाखवून दिले: घराच्या व्हरांड्याचे रंगवलेले कठडे आणि खोल्यांच्या भिंती. कडक उन्हाने रंगाची भुकटी होई, ती कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागे आणि बोटे चोखताना, नखे कुरतडताना पोटात जाई. क्वीन्सलँडने १९२२ मध्ये मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी शिशाचा रंग लावण्यावर कायद्याने बंदी घातली. त्याच्या आदल्याच वर्षी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामातून सफेता हद्दपार करण्याचा करार संमत केला होता. पण त्यात विचार होता रंगाऱ्यांचा. घरात राहणाऱ्या मुलांचा नव्हे.

अमेरिकेत ही गोष्ट थेट फर्निचरपाशी येते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील थॉमस आणि ब्लॅकफॅन यांनी १९१४ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा शिशाच्या बाधेने दगावला होता. आपल्या कठड्याच्या खाटेवरचा पांढरा रंग तो दातांनी कुरतडत असे. ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्यानंतर १५ वर्षांनी, १९२९ मध्ये, सफेता बनवणाऱ्या नॅशनल लेड कंपनीने लहान मुलांसाठी चित्रे रंगवण्याची एक पुस्तिका काढली. तिच्यात एक मुलगा आणि एक मुलगी आपल्या कळकट झालेल्या खेळाच्या खोलीमुळे उदास आहेत आणि शिशाच्या रंगाने ती खोली, तिच्यातले जुने सामान उजळून निघते, अशी गोष्ट आहे. जुने सामान ताजेतवाने करा हा उपदेश निरुपद्रवी वाटतो. पण ज्या कंपनीचा माल आहे तिने तो मुलांनाच करावा, हे अज्ञान होते असे आम्ही म्हणू शकत नाही. बाल्टिमोर शहराने घराच्या आतल्या भागासाठी शिशाच्या रंगावर १९५१ मध्ये बंदी घातली. संपूर्ण अमेरिकेत घरगुती रंग, खेळणी आणि फर्निचर यांसाठी ती १९७८ मध्ये आली. गिब्सन यांच्या लेखाला तेव्हा ७४ वर्षे झाली होती.

शिसे शरीरात कॅल्शियमची जागा बळकावते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते, आणि वाढत्या मेंदूला अपाय होणार नाही अशी त्याची कोणतीही सुरक्षित पातळी आढळलेली नाही. भारतात घरगुती आणि शोभेच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम २०१६ मध्ये जाहीर झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. वाळलेल्या रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग असू नयेत, अशी मर्यादा त्यांनी घातली. पिवळ्या, नारिंगी, लाल इनॅमल रंगांत क्रोम पिवळ्याच्या कुळातील शिशाची द्रव्ये वापरली जात. नियमाने नव्या डब्यातला रंग बदलला. शाळेतल्या जुन्या कपाटांवर, बाकांवर, बालवाडीच्या खुर्च्यांवर आधीच चढलेले थर तसेच आहेत.

आणि नेमकी आता थर उघडे करण्याची हौस आली आहे. फर्निचरवर दोन-तीन वेगळ्या रंगांचे हात द्यायचे, मधल्या थरावर कडांना मेण चोळायचे आणि मग काचकागदाने घासून खालचे रंग डोकावू द्यायचे, म्हणजे वस्तू आजोबांच्या काळातली वाटते. सगळे थर आपणच चढवलेले, आजच्या रंगाचे असतील, तर यात वावगे काही नाही; थरांची गंमत वर्गात दाखवायलाही ते चांगले. पण खरोखरच जुनी वस्तू कोरडी घासली, तर खाली काय आहे हे घासणाऱ्याला माहीत नसते आणि जी धूळ उडते ती सबंध खोलीत बसते. तीच गोष्ट शेगडी किंवा ज्योत फिरवून रंग जाळण्याची; तापलेल्या शिशाची वाफ व धूर श्वासात जातो. आधीचा रंग न खरवडता त्यावरच हात मारण्याची जुनी सवय आळशीपणाची असेल, पण आतला थर घट्ट बसलेला असेल तर ती अधिक सुरक्षित आहे. पापुद्रे सुटलेच असतील, तर पृष्ठभाग पाण्याने ओला करून हलक्या हाताने घासावा, भुकटी ओल्या फडक्याने टिपावी, फडके टाकून द्यावे, आणि हे काम सुट्टीत, मुले नसताना, नाका-तोंडावर योग्य मुखवटा बांधून मोठ्या माणसाने करावे. वर्गातला प्रयोग म्हणून ते कधीही करू नये.

संग्रहालयातील जतनकार तर जुन्या थरांना हात लावण्याचेही टाळतात. खुर्ची पुन्हा हिरवी दाखवायची असेल, तर सगळ्या थरांवर आधी सहज विरघळणाऱ्या वार्निशचा पडदा देतात आणि नवा हिरवा रंग त्यावर चढवतात. उद्या कोणाला आतले पाहायचे झाले, तर द्रावकाच्या बोळ्याने तेवढाच वरचा थर निघतो. कोठे खरवडावेच लागले, तर बैठकीच्या खालच्या बाजूला बोटभर चौकोन तसाच सोडतात. त्या चौकोनात लाकडापासून शेवटच्या हातापर्यंतचे सगळे थर क्रमाने शिल्लक राहतात.